सायकलला रिव्हर्स नसतो

मिलिंद,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि घराचं दार लागलं की 'अरे'. आता दार लागलेलंच असतं. सांत्वनाला येणारी माणसं पहिल्या आठवड्यात येऊन गेली, चहा घेऊन गेली आणि आपापल्या शिफ्टला लागली. त्यामुळं 'अरे'च म्हणते. ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. गेल्या रविवारी पुण्यानुमोदन झालं. विहार भरला होता. तुझी सगळी टूलरूम आली होती, पहिली शिफ्ट करून तशीच, हाताला ऑइलचा वास घेऊन. वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या आणि मग आपल्याकडं होतं ते सुरू झालं, आदरांजलीची भाषणं. एकेक जण उठतो, फोटोपुढं हात जोडतो, 'मी दोनच शब्द बोलतो' म्हणतो आणि पंधरा मिनिटं माईक सोडत नाही. तू असतास तर मला कोपरानं ढोसत बसला असतास. तुझे मॅनेजरसाहेब म्हणाले, मिलिंदभाऊंनी हात फिरवला की डायच्या साच्यातला फरक त्यांना मशीनच्या आधी कळायचा. ते ऐकून मला बरं वाटलं. हे घरी कधी सांगितलं नाहीस तू.

मग परभणीहून आलेले मोठे भाऊजी उठले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही, तुझ्यावर जीव होता त्यांचा. पण माईक घेऊन ते म्हणाले, "माझा भाऊ लई साधा. दारात चारचाकी उभी, अन् हा पठ्ठ्या तळवड्याच्या कंपनीपर्यंत सायकल मारत जायचा. गाडी कोण न्यायचं ते मी कशाला सांगू? तुमाला सगळ्याला माहीत हाय. आज गाडी हाय तशीच हाय, भाऊ राहिला नाही माझा."

विहारात कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि न बघणंच मला जास्त लागलं. माझ्या शेजारी बसलेली आपली लेक सुमेधा उठली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली. शेवटी माईक माझ्या हातात दिला. मी 'सर्वांचे आभार' एवढं म्हणाले आणि बसले. तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहून काढते आहे. बोलायला दुसरं माणूस नाही म्हणून तुलाच.

भाऊजी खोटं कुठं बोलले म्हणा. गाडी मीच न्यायचे. संत तुकाराम नगरातल्या आपल्या दोन खोल्यांत एकच गाडी, आणि ती रोज सकाळी साडेसातला घेऊन मी चाकणला जायचे, क्वालिटीत, प्लास्टिकच्या पार्टांतले दोष काढायला. तू सव्वासहालाच निघालेला असायचास. डबा कॅरियरला, पँटला खाली क्लिप, डोक्याला ती कानटोपी. नेहरूनगरवरून स्पाइन रोड, तिथून चिखली, कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांचा धूर खात तळवडे. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. चौदा वर्षं. आणि लोकांनी बघितलं काय, तर बाई काचा वर करून एसीत, आणि नवरा कंटेनरच्या मागं धूळ खात.

खालच्या मजल्यावरचे जगताप काका तुला म्हणायचे, "काय राव, वहिनींनी तुम्हाला पार दुचाकीवर आणलं." तू दात काढायचास. "मालकीणबाई आहेत त्या, आम्ही साधे कामगार." मी जिन्यात ऐकत असायचे आणि माझा असा संताप व्हायचा! घरी येऊन तुझ्यावर भांडी आदळायचे. तू म्हणायचास, "अगं, म्हणू दे की. आपल्याला माहीत आहे ना काय ते."

आपल्याला. म्हणजे तुला आणि मला. आता त्यातला तू गेलास, आणि ते एवढंसं 'आपल्याला माहीत' माझ्या एकटीच्या उरावर बसलंय.

ते मी आजवर कधी कागदावर उतरवलं नाही. आज उतरवते.

गाडी आली तेव्हा सुमी तीन वर्षांची होती. सेकंडहँड, चंदेरी रंगाची, मागच्या दाराला पोचा. तू किती मिरवलास! ड्रायव्हिंग स्कूल लावलंस, पहिल्या फटक्यात लायसन काढलंस, चार महिने आम्हाला फिरवलंस. देहूरोडच्या विहाराला नेलंस, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलंस. सिग्नलला उभा राहिलास की उगीच आरशात भांग बघायचास. आणि मग तो रविवार. माझ्या भावाकडं भोसरीला जेवायला निघालो होतो. आपण तिघं खाली आलो, तू गाडीत बसलास, आणि मला वाटलं गॅस चालूच राहिला. मी दोन मिनिटं वर गेले.

तेवढ्यात तू रिव्हर्स टाकलास. वॉचमन ओरडला. तू ब्रेक मारलास. मी जिन्यातून धावत आले तेव्हा सुमी मागच्या चाकापाशी बसलेली होती, गुलमोहराच्या पाकळ्या गोळा करत, आणि तिच्या पिवळ्या फ्रॉकचा घेर टायरखाली होता. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती रडत होती ती फ्रॉक घाण झाला म्हणून. तू गाडीतून उतरलास, टायरकडं बघितलंस आणि तिथंच जमिनीवर बसलास. फ्रॉक सोडवायला गाडी वीतभर पुढं घ्यायची होती, तेवढीही तुझ्याच्यानं घेववली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला बोलावून घ्यावी लागली. आपण भोसरीला गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणून फोन केला.

त्या दिवसानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. गाडीच्याच काय, इंजिन असलेल्या कुठल्याच वाहनाच्या. माझ्या भावानं त्याची जुनी स्कूटर आणून दारात लावली, तीही तू नेली नाहीस. सहा महिने गाडीवर धुळीचा थर चढला, पोरं बोटानं नावं लिहायची. शेवटी तूच म्हणालास, "तू शीक. तू नीट चालवशील." मला वाटलं तू चिडवतोयस. मग तुझा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशी क्लास लावला.

आणि माझ्याकडून वचन घेतलंस. आई-भाऊ कुणाला सांगायचं नाही, आणि सुमीला तर कधीच नाही. "मोठी झाल्यावर तिला कळलं, की बाप तिच्या अंगावर गाडी घालत होता, तर ती माझ्याकडं कशी बघेल गं?" असं म्हणालास. मी म्हटलं, "अरे, काही झालेलं नाहीये." तू म्हणालास, "झालं असतं." मी पोरीची शपथ घेतली. तेव्हा ती शपथ एवढी महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

मी गाडी चालवायला लागले ते तुझ्या नियमांनी. सुरू करायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, खाली वाकून बघायचं, मग बसायचं. रोज. पावसात छत्री घेऊन. समोरच्या देशपांडे काकूंनी तुझ्या सुट्टीच्या दिवशी एकदा विचारलंच, "हे कसलं व्रत धरलंय हो? किती फेऱ्या असतात?" मी म्हटलं, "एकच असते, पण कडक असते." तू वर गॅलरीत उभा राहून हसून हसून खाली बसलास. रविवारी बाहेर निघालो की तू मागं उभा राहायचास आणि डिकीवर हात मारत 'येऊ दे, येऊ दे' करायचास, जसं काही मी बसच काढते आहे. शेजारी बसलास तरी डावा हात दाराला आणि उजवा हँडब्रेकवर. मी म्हणायचे, "अरे, काढ तो हात, मला लाज वाटते." तू काढायचास आणि दोन मिनिटांत परत ठेवायचास.

आपलं भांडण एकच होतं, फक्त दरवेळी निमित्त वेगळं असायचं. मी म्हणायचे, कुणाला तरी दाखवू, यावर डॉक्टर असतात. तू म्हणायचास, मला काय वेड लागलंय का. मी म्हणायचे, मोकळ्या मैदानात नेते, फक्त पहिला गिअर टाक. तू ताटावरून उठायचास. मग मी चिडून म्हणायचे, "बरोबर आहे, लोकांच्या शिव्या मला बसतात, तुझं काय जातं! तू आपला साधा माणूस!" हे मी खूप वेळा म्हणाले. शंभरदा म्हणाले असेन. प्रत्येक वेळी तू गप्प बसलास आणि मला वाटलं, मी जिंकले.

एक भांडण मात्र मला फार आवडतं. एका वर्षी मे महिन्यात तुला ताप होता, तरी कामाला गेलास. डायची डिलिव्हरी होती म्हणे. मी हाफ डे टाकला आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला गाडी घेऊन तळवड्याला येऊन उभी राहिले. गेटमधून तू सायकल घेऊन बाहेर आलास, डोळे लाल, आणि मला बघून म्हणालास, "काय झालं? घरी कुणी आजारी आहे का?" घरी कुणी आजारी आहे का! मी म्हटलं, बस गाडीत. तू म्हणालास, सायकल? मी म्हटलं, राहू दे इथंच, कोण नेतंय तुझी सायकल. तू म्हणालास, उद्या येऊ कसा मग? आणि टांग मारून निघालास.

मग मीही निघाले. तुझ्या मागं, तुझ्याच वेगानं, पार्किंग लाइट लावून, पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये. चिखलीच्या त्या अरुंद रस्त्यावर माझ्या मागं टेम्पो, ट्रक, रिक्षा, सगळे हॉर्नवर हात ठेवून. एक टेम्पोवाला शेजारी येऊन म्हणाला, "ओ ताई, गाडी बिघडलीय का?" मी म्हटलं, "गाडी नाही, नवरा बिघडलाय." तू मागं वळून हात करत होतास, जा पुढं, जा पुढं. मी हात करत होते, नाही जात, नाही जात. स्पाइन रोडला तू शेवटी रसवंतीपाशी थांबलास. कपाळ तापलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. आपण दोघं त्या हिरव्या कापडाखाली बाकड्यावर बसलो. तू आलं-लिंबू घातलेला रस एका दमात प्यालास, आणि मी न विचारताच बोललास.

"तुला कळत नाही," तू म्हणालास. "सायकलला रिव्हर्स नसतो. जे काय आहे ते समोर दिसतं. पाय थांबवले की थांबते. मी तिच्यावर असलो की मला भीती वाटत नाही. दिवसातून तेवढा दीड-दोन तास मला भीती वाटत नाही."

इतक्या वर्षांत तू एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि बाकीचा वेळ?" तू ग्लास ठेवून उठलास. त्यानंतर घरापर्यंत मी तुझ्या मागनं आले, पण मागचे हॉर्न मला त्रास देत नव्हते. भाऊजींना काय सांगू हे? की ती सायकल तुझी शिक्षा नव्हती, ती तुझी सुटका होती? माईकवर सांगता येतं का असलं?

तू गेलास त्या दिवशी मी मोशीच्या सिग्नलला अडकले होते. तुझ्या कंपनीतून फोन आला. तू सायकल स्टँडला लावलीस, कुलूप घातलंस, वॉचमनला राम राम केलास आणि त्याच्या खुर्चीवर बसलास. डॉक्टर म्हणाले, मोठा झटका होता, कुठंही असते तरी आला असता. त्यांनी सायकलचं नाव घेतलं नाही. बाकी सगळ्यांनी घेतलं. दवाखान्याच्या दारातच तुझी आत्या कपाळावर हात मारत म्हणाली, "आगं, पन्नाशीच्या माणसाला एवढं तंगडतोड करायला लावतात का?" तू सत्तेचाळीसचा होतास. तेवढंच मला तेव्हा सुचलं, की आत्याचं वय चुकलं.

कामावर मी अकराव्या दिवशी गेले. घरात बसवेना. सव्वासहाला जाग येते, तुझ्या कॅरियरच्या क्लिपचा आवाज होत नाही, आणि मग साडेसातपर्यंत त्या खोल्यांत मला काही करायचं नसतं. डबा एकच भरायचा असतो. तोही मी परत आणते. चाकणच्या कोंडीत गाडी तासतासभर हलत नाही. काचा वर असतात, मग मी रडून घेते. रडायला जागा चांगली आहे, फक्त शेजारच्या कंटेनरवाल्याला वरून सगळं दिसतं. परवा एकानं खाली वाकून पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली. त्या दिवसात माझ्याशी नीट वागलेला तो एकटा माणूस.

कारण सुमी माझ्याशी बोलत नव्हती. विहारातून ती निघून गेली ती जणू अजून परत आलीच नव्हती. 'जेवलीस का', 'हो'. 'क्लासला सोडू का', 'नको, बसनं जाते'. गाडीत बसायला तयारच नाही. मी म्हटलं, अगं ऊन आहे. म्हणाली, असू दे. गाडीकडं बघतसुद्धा नव्हती, जिन्यातून उतरली की दुसऱ्या बाजूनं वळसा घालून जायची. सतरा वर्षांची पोर, बारावीचं वर्ष, बाप गेलेला, आणि आईचं तोंड बघायला राजी नाही. मला कळत होतं ना. तिच्या मोठ्या काकांनी माईकवर सांगितलं ते तिला पटलेलं होतं. आईनं गाडी घेतली, बाबांना सायकल दिली, बाबा गेले. एवढा सोपा हिशेब.

तुझा इतका राग आला मला. फोटोपुढं उभं राहून मी तुला शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू. म्हटलं, मेलास आणि मला गुन्हेगार करून गेलास. एका वाक्यात मी सुटले असते. 'बाबांना गाडीची भीती वाटायची, आणि ती का, ते ऐक.' पण मग पोरीच्या डोक्यात ते जन्मभर राहणार, की बाबा माझ्यामुळं सायकलवर गेले. आणि तुला तिची नजर बदलायला नको होती. चौदा वर्षं ज्याच्यासाठी तू झिजलास, ते मी माझ्या सुटकेसाठी उधळू? रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि 'दूध घेतेस का' विचारून परत यायचे.

काल संध्याकाळी राहवलं नाही. ती क्लासहून आली, बसमध्ये उभं राहून आलेली, दमलेली, बॅग टाकली. मी म्हटलं, "उद्यापासून मी सोडणार आहे तुला." ती म्हणाली, "मी त्या गाडीत बसणार नाही." झालं. माझा तोल गेला. मी ओरडले, "नाही घेतली मी गाडी त्यांच्याकडून! ऐकतेयस? हिसकावून नाही घेतली! त्यांनी सोडली होती!" आणि म्हटलं, "तुला काही माहीत नाही."

ती एवढंच म्हणाली, "पिवळा फ्रॉक."

मिलिंद, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

तूच सांगितलं होतंस तिला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, ती गाडी शिकवा म्हणून मागं लागली तेव्हा. सायकलवर डबलसीट घेऊन भाजी आणायला गेलात, तेव्हा वाटेत. आणि वर शपथ घातलीस, की आईला कळू देऊ नकोस मी तुला सांगितलंय. अरे माणसा! दोघींना एकाच घरात, एकाच गोष्टीची, एकमेकींपासून लपवायची शपथ! असली चूक जगात दुसऱ्या कुणी केली नसेल. मी तिच्या दाराबाहेर उभी, ती दाराच्या आत, आणि दोघींच्या तोंडात तेच.

"काका बोलले ते मला सहन झालं नाही," ती रडत म्हणाली. "सगळे तुला बोलतायत आणि तू ऐकून घेतेयस. आणि झालंय माझ्यामुळं. मी चाकामागं बसले नसते तर बाबा गाडी चालवत राहिले असते. मी काय तोंडानं त्या गाडीत बसू?"

म्हणजे ती माझ्यावर रागावलेली नव्हती. अठरा दिवस पोर स्वतःला खात होती आणि मी तिला दूध विचारत होते. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "तीन वर्षांची होतीस गं. तीन वर्षांच्या मुलाची कसली चूक असते?"

"बाबाही हेच म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, तुझी नाही, माझीच चूक. आई तुला माझ्या हातात देऊन वर गेली होती, आणि मी तुझा हात सोडून गाडीत बसलो."

ती रडत होती.

असं नव्हतं ना रे ते. तू आधीच गाडीत बसला होतास. काच खाली करून तू मला म्हणालाही होतास, 'तिला घेऊन जा वर.' मी म्हटलं, 'दोन मिनिटांत येते, राहू दे.' तिचं बोट माझ्या हातात होतं. हात मी सोडला. मघाशी वर लिहितानासुद्धा मी ते गाळलं, 'मी दोन मिनिटं वर गेले' एवढंच लिहिलं, बघ वाचून. चौदा वर्षं मी ते स्वतःशी असंच म्हणत आले. आणि तू पोरीला सांगताना माझं नावच काढून टाकलंस.

मी सुमीला सांगितलं. काल, तिथंच, उंबऱ्यावर. म्हटलं, "बाबांनी तुला खोटं सांगितलं. हात त्यांनी नाही सोडला, मी सोडला." तिनं डोळे पुसून विचारलं, "मग ते तुला कधी काही बोलले नाहीत?"

नाही बोललास. मी तुला भित्रा म्हणाले, हट्टी म्हणाले, लोकांच्या शिव्या माझ्या वाट्याला घालणारा म्हणाले, ताटावरून उठवलं. एवढ्या भांडणांत तुझ्याकडं ते एक वाक्य होतं, आणि एकदाही तू ते काढलं नाहीस. एकदा तरी म्हणायचं होतंस रे, की हात तू सोडला होतास.